यंदा बेस कुठला?

रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेची थीम जाहीर झाली की कॉलेजच्या रोबोटिक्सच्या खोलीत पहिल्या आठवड्यात एकच भांडण असतं. बॉल कसा पकडायचा, कसा फेकायचा यावरून पुढे डोकी फुटायचीच असतात, पण पहिलं भांडण बेसचं, म्हणजे रोबो ज्यावर पळतो त्या चाकांच्या गाडीचं. तीन चाकं की चार? ओम्नी की मेकॅनम (दोन्ही आडवी सरकू शकणारी चाकं)? आणि अलीकडे हमखास येणारा प्रश्न, आपण स्वर्व्ह, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वळवणारा बेस, का नाही करत? फळ्यावर त्रिकोण-चौकोन निघतात, कुणीतरी व्हिएतनामच्या नाहीतर चीनच्या टीमचा व्हिडिओ लावतं, आणि सेकंड इयरचा एखादा मुलगा हळूच म्हणतो, "आपण पण असंच करू या ना."

या खोलीत मी आधी ज्युनियर म्हणून बसले, मग सीनियर म्हणून. आता नोकरी सांभाळून शनिवारी डोकावणारी 'ताई' म्हणून बसते. भांडणाचे शब्द बदलत गेले, मोटरी बदलल्या, पूर्वी आम्ही ज्यावर जीव टाकायचो ते कंट्रोलर बोर्ड आता अडगळीत पडलेत. भांडणाचा सूर मात्र तोच आहे. प्रत्येक जण आपल्या लाडक्या ड्राइव्हचे गुण सांगत असतो. गुण ऐकून कुठलाच बेस ठरत नाही, कारण गुण सगळ्यांतच आहेत. कुठल्या ड्राइव्हची खोड आपल्या टीमला सांभाळता येईल, एवढंच खरं तर ठरवायचं असतं. ते फळ्यावर कळत नाही.

ज्यांना ही स्पर्धा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक भागातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेची स्पर्धा. पहिली २००२ मध्ये टोकियोला झाली. दरवर्षी यजमान देश बदलतो आणि थीमही बदलते, बहुतेक वेळा त्या देशाच्या खेळातून किंवा सणातून आलेली. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा थीम होती 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडी. २०१४ मध्ये पुन्हा पुण्यातच, आईबाप आणि मूल यांवर. २०२२ मध्ये दिल्लीला चक्क लगोरी. आपल्याकडची राष्ट्रीय फेरी दूरदर्शन घेतं, आणि कित्येक वर्षं ती बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरायची. बॅटरी २४ व्होल्टच्या आत, हवेचा दाब ६ बारच्या आत, आणि सामना संपायला काही मिनिटं. बाकी सगळं दरवर्षी नवं.

या 'दरवर्षी नवं'मुळेच बेसचा प्रश्न कधी कायमचा सुटत नाही. अमेरिकेतली फर्स्ट स्पर्धा घ्या. डीन कामेन यांनी सुरू केलेली, पहिली फेरी १९९२ची. तिथे शाळकरी मुलांना चालता-फिरता बेस बनेल असं चाकं-गिअरबॉक्सचं किटच मिळतं. त्यात सहा चाकं असतात, तीन इकडे, तीन तिकडे, आणि मधलं चाक जेमतेम तीन मिलिमीटर खाली बसवलेलं. एवढ्याने रोबो एका वेळी चारच चाकांवर टेकतो आणि वळताना टायर फरशीवर खरवडत नाहीत. मेकॅनिकलच्या मुलांना मी ही युक्ती नेहमी दाखवते. नवी मोटर नको, सेन्सर नको, ड्रिलचं भोक तीन मिलिमीटर खाली घेतलं की झालं.

आमच्याकडे तसं किट नाही, आणि थीम अशी येते की किट असतं तरी उपयोग झाला नसता. २०१६च्या बँकॉकच्या स्पर्धेत दोन रोबोंपैकी एकाला स्वतःला पुढे ढकलणारी मोटरच बसवायची नव्हती. दुसऱ्या रोबोने त्याला न शिवता, वाऱ्याने किंवा चुंबकाने पुढे न्यायचं, आणि त्याने फक्त सुकाणू फिरवायचं. २०१७ला टोकियोत मऊ चकत्या फेकायच्या होत्या. फेकायची जागा आडवी पट्टी, त्यामुळे रोबोचं खरं काम डावी-उजवीकडे सरकण्याचं. २०१९ला उलानबातरच्या थीमने तर एका रोबोची चाकंच काढून घेतली. चार पायांवर चाला, म्हणाले. ज्या टीमांनी गेल्या वर्षीचा झकास बेस कपाटात झाकून ठेवला होता, त्यांच्या कपाटात तो तसाच राहिला.

माझं स्वतःचं शिक्षण झालं ते २०१५च्या बॅडमिंटनवर. यजमान इंडोनेशिया, त्यामुळे दुसरं काय असणार! दोन रोबोंनी मिळून डबल्स खेळायचं, समोर जाळी, पलीकडे दुसऱ्या संघाचे दोन रोबो. मी बेसवर होते. तेव्हाच्या सीनियर दादांना वेगाचं वेड. "जितकी फास्ट मोटर तितकं कोर्ट कव्हर होणार" असं साधं गणित. आमच्यातल्या एकीने, ती इलेक्ट्रॉनिक्सची होती आणि बोलायची फार कमी, वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला.

शटल तुमच्याकडे यायला एक-सव्वा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात रोबोने साधारण मीटरभर सरकून थांबलं पाहिजे, कारण धावत्या रोबोची रॅकेट शटलला नीट लागत नाही. समजा रोबोचं त्वरण २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. मग अर्धा मीटर वेग घ्यायला, अर्धा मीटर वेग सोडायला. आकडे घातले की सव्वा सेकंद येतो, आणि मधोमध गाठलेला सगळ्यात मोठा वेग येतो फक्त १.६ मीटर प्रति सेकंद. म्हणजे तीन मीटर वेगाची मोटर लावली काय आणि दोनची लावली काय, त्या मीटरभरात तिचा वरचा वेग वापरायला मिळतच नाही. १२५ मिलिमीटर व्यासाचं चाक असेल तर ३०० आरपीएमला (मिनिटाला ३०० फेऱ्यांना) जवळजवळ दोन मीटर प्रति सेकंद मिळतात. त्यापुढे धावणारी मोटर मागायची गरजच नव्हती. मागायचा होता टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. वीस किलोचा रोबो, ५० न्यूटन जोर, चार चाकं तिरकी बसवलेली, म्हणजे चाकामागे १८ न्यूटन. चाकाची त्रिज्या धरली की सुमारे १.१ न्यूटन-मीटर, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराच्या भाषेत ११ किलो-सेंटिमीटर. हा आकडा हातात आल्यावर मोटर निवडायला तासभर पुरला. त्याआधीचा आठवडा आम्ही आरपीएमवर हुज्जत घालण्यात काढला होता.

पण तिच्या हिशेबात एक अट होती. चाक घसरता कामा नये. खरी मेख तिथेच आहे.

ओम्नी चाक म्हणजे ज्याच्या कडेवर आडवे छोटे रोलर बसवलेत असं चाक. पुढे ढकललं तर साध्या चाकासारखं फिरतं, बाजूला ढकललं तर रोलर फिरतात आणि ते सहज घरंगळतं. कल्पना नवी नाही. १९१९ मध्ये अमेरिकेत अशा चाकाचं पेटंट दिलं गेलं होतं. मेकॅनम त्याचाच चुलतभाऊ. १९७०च्या दशकात बेंग्ट इलॉन या स्वीडिश इंजिनिअरने रोलर आडवे न ठेवता ४५ अंशांत तिरके केले. त्यामुळे चारही चाकं गाडीसारखी समांतर बसवता येतात आणि तरी गाडी खेकड्यासारखी आडवी जाते. डावी-उजवी चाकं मात्र वेगळी असतात. वरून पाहिलं तर चारही चाकांच्या रोलरांच्या रेषा मध्याकडे वळून फुलीचा आकार दिसला पाहिजे. उलटसुलट बसवलं की बेस वळायला तयार नसतो आणि कोडिंगवाली मुलं दोन रात्री कोडमध्ये चूक शोधत बसतात.

आता ही सरकण्याची सोय फुकट मिळत नाही. तिरकं बसवलेलं चाक जमिनीला तिरकंच ढकलतं. त्या ढकलण्याचा काही भाग रोबोला हवा त्या दिशेला जातो, उरलेला समोरच्या चाकाशी कुस्ती खेळण्यात. चार ओम्नी ४५ अंशांत लावले तर सरळ जाताना जमिनीच्या एकूण पकडीतला सुमारे ७० टक्के भाग कामी येतो. मेकॅनमचंही पुढे जाताना तेवढंच. तीन ओम्नी १२० अंशांवर लावले तर दिशेप्रमाणे ५० ते ५८ टक्के. कारण एका दिशेला जाताना तिसरं चाक नुसतं रोलरांवर घरंगळत असतं, रोबोचा तिसरा हिस्सा वजन अंगावर घेऊन. चार ओम्नीचा बेस कोपऱ्याच्या दिशेने तिरका न्यायला लागलं की दोनच चाकं ढकलतात आणि आकडा ५० वर येतो. साधी, सगळी चाकं मोटरवर असलेली टँकसारखी गाडी पूर्ण शंभर टक्के वापरते, पण तिला बाजूला सरकता येत नाही. हे सगळं कागदावरचं गणित, वजन सगळ्या चाकांवर सारखं पडलंय असं धरून. आणि ते सारखं पडत नाही.

कारण चार चाकांचा कडक बेस आमच्या खोलीतल्या फरशीवर ठेवला की त्याचं एक चाक हवेत असतं. कागद घाला खालून, आरपार जातो. चहाच्या टपरीवरचं टेबल जसं कुठल्या ना कुठल्या पायावर डुगडुगतं आणि तिथलीच तिपाई कशाही जमिनीवर मुकाट बसते, तसंच हे. तीन चाकं नेहमी टेकतात. म्हणून नव्या टीमला मी पहिल्यांदा तीन ओम्नीच सुचवते. एक मोटर कमी, ती चालवणारा एक ड्रायव्हर बोर्ड कमी, आणि 'कुठलं चाक उचललंय' हा शोध नाही. खोड अशी की रोबो उंच झाला आणि वर फेकणारी यंत्रणा आली की त्रिकोणाच्या बाजूकडे कलंडायची भीती. चार चाकंच हवी असतील तर एका जोडीला मधोमध खिळीवर डुलतं ठेवावं, नाहीतर प्लेट एवढी पातळ घ्यावी की ती स्वतःच जराशी पिळली जाईल. हा दुसरा उपाय मेकॅनिकलच्या सरांना आवडत नाही. "डिझाइन म्हणजे नशिबावर सोडणं नव्हे," असं ते म्हणतात. पण पातळ प्लेटवर पळणारे पुष्कळ रोबो मी पाहिलेत.

एवढं बोलून झालं की मुलं विचारतात, "मग ताई, फायनल काय?" मी सांगते, आधी एक भिकार बेस बनवा.

भिकार म्हणजे खरोखर भिकार. बारा मिलिमीटरचा प्लायवूड, गेल्या वर्षीच्या रोबोच्या मोटरी, उसनी चाकं, जिथे जमेल तिथे केबल टाय. अॅल्युमिनियमचे सेक्शन कापायचे नाहीत, भोसरीला लेझर कटिंगला फाइल पाठवायची नाही, कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, रंगबिरंगी मॉडेल तर अजिबात करायचं नाही. कॅड सुंदर झालं की त्याच्या प्रेमात पडायला होतं, मग तो बेस नाकारणं म्हणजे ज्याने मॉडेल केलं त्याला नाकारणं होऊन बसतं. प्लायच्या तुकड्यावर कुणाचा जीव नसतो.

दोन गोष्टींत मात्र भिकारपणा चालत नाही, वजनात आणि जमिनीत. रिकामा प्रोटोटाइप कुठल्याही चाकांवर छान पळतो. दहा किलोच्या आतला बेस, मोटरी आधीच दांडग्या, मग काय. म्हणून आमच्याकडे विटा असतात. बांधकामावरून आणलेल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टी मारलेल्या, प्रत्येकीवर मार्करने वजन लिहिलेलं. रोबो शेवटी जेवढ्या वजनाचा होईल असं वाटतं त्याच्यावर आणखी दोन विटा ठेवायच्या, कारण रोबोचं वजन कधी अंदाजापेक्षा कमी आल्याचं मला आठवत नाही. विटा मधोमध नाही ठेवायच्या. जिथे फेकणारी यंत्रणा येणार तिथे, उंचावर, दोरीने बांधून. मग पळवा आणि जोरात थांबवा. कुठलं चाक उचलतं, कुठलं स्लिप मारतं, ते त्या क्षणी सगळ्यांना एकदमच दिसतं.

जमिनीचं म्हणाल तर स्पर्धेचं मैदान बहुधा रंगवलेल्या प्लायचं असतं. आमचं सरावाचं मैदान आम्ही आठ बाय चारच्या शीट जोडून करतो, आणि दोन शीटच्या सांध्यावर नखाएवढी का होईना पायरी राहतेच. मेकॅनमचे छोटे रोलर त्या पायरीवर तिरके अडतात आणि बेस चुटकीसरशी दोन अंश फिरतो. एका ओळीच्या ओम्नीत दोन रोलरांमधली फट जमिनीला लागली की टक टक असा ठोका बसतो. दोन ओळींच्या चाकात तो कमी होतो, जात नाही. नुसत्या बेसवर हे कुणाला जाणवत नाही, पण त्यावर पुढे कॅमेरा बसणार असेल तर चित्र थरथरणार हे आजच कळलेलं बरं. रंगाचंही तसंच. चकचकीत ऑइल पेंट मारलेल्या जागी रोलर घसरतात, मॅट रंगावर पकडतात. वर खोलीतली धूळ आणि मुलींचे-मुलांचे केस. रोलरांच्या बारीक पिनांभोवती केस गुंडाळले जातात, चिमट्याने ओढून काढावे लागतात. दर शनिवारी एक ज्युनियर याच कामावर असतो आणि त्याला वाटतं आपल्याला कमी लेखलंय. मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसून दुसरं चाक घेते.

आता चाचणी. बेसच्या बरोबर मध्यावर भोक पाडून त्यात स्केचपेन उभं अडकवायचं, टोक जमिनीला टेकेल असं, वर रबरबँड. खाली पुस्तकांना घालतात तो तपकिरी कागद अंथरायचा, कडा चिकटवून. आणि रोबोला सांगायचं, एक मीटरचा चौकोन काढ, तोंड न वळवता. कागदावर जे उमटतं त्याशी वाद घालता येत नाही.

गेल्या खेपेला तीन ओम्नीच्या बेसने जो चौकोन काढला त्याची पहिली बाजू सुतासारखी होती, दुसरी जराशी डावीकडे झुकली, तिसरी आणखी, आणि चौथी रेघ सुरुवातीच्या ठिपक्यापासून चांगली चार बोटं लांब संपली. कोडिंगचा मुलगा लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाला, "पीआयडी बरोबर आहे, मेकॅनिकल बघा." (पीआयडी म्हणजे चाकाचा वेग सतत तपासून दुरुस्त करणारा कोडचा भाग.) मेकॅनिकलच्या मुलीने चाकं हाताने फिरवून पाहिली आणि म्हणाली, "चाकं टाइट आहेत, कोड बघ." असं तासन्‌तास चालू शकतं, कारण दोघंही खरं बोलत असतात. मी दप्तरातून व्हाइटनर मागवला. मोटरच्या शाफ्टवर आणि चाकाच्या हबवर मिळून एकच पांढरी रेघ मारली, तिन्ही चाकांना. वाळू दिली. पुन्हा चौकोन. थांबल्यावर वाकून पाहिलं तर दोन चाकांची रेघ अखंड, तिसऱ्याची तुटलेली. शाफ्टवरचा अर्धा तुकडा हबवरच्या तुकड्यापासून तीन-चार मिलिमीटर सरकलेला. ग्रब स्क्रू (हबला शाफ्टवर धरणारा छोटा स्क्रू) घट्टच होता, पण गोल शाफ्टवर त्याला धरायला सपाट जागा नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी दिशा बदलताना हब किंचित मागे राहायचा. हाताने फिरवून ते कळणं शक्य नव्हतं, आणि मोटरचा एन्कोडर, म्हणजे ती किती फिरली ते मोजणारा सेन्सर, तर शाफ्टवर असतो, त्याला वाटत होतं सगळं आलबेल आहे. शाफ्टला कानस मारून सपाटी केली, रेघ पुन्हा मारली. तेव्हापासून त्या टीमच्या प्रत्येक चाकावर पांढरी रेघ असते.

याच कागदावर आणखी एक भांडण मिटतं. मोटरच्या एन्कोडरवर भरवसा ठेवायचा की वेगळी चाकं लावायची? ज्या चाकाला मोटर नाही, जे स्प्रिंगने नुसतं जमिनीला दाबून धरलंय, ते घसरत नाही. छोटी ओम्नी, एक उभी, एक आडवी, प्रत्येकीला एन्कोडर, वर दिशेसाठी जायरो. मोटरचं चाक कितीही स्लिप मारो, ही दोन चाकं रोबो खरोखर किती सरकला ते सांगतात. ५८ मिलिमीटरचं चाक आणि फेरीला १६०० ठोके मोजणारा एन्कोडर असला तर एका ठोक्याला मिलिमीटरचा नववा भाग. एवढी बारकाई लागत नाही. लागते ती स्प्रिंग, नेमकी. फार दाबली तर बेस उचलला जातो, कमी दाबली तर सांध्यावर चाक उडतं.

मग आला २०२५चा बास्केटबॉल. यजमान मंगोलिया. या थीमने माझ्या आवडत्या हिशेबाला तडा दिला. बॅडमिंटनमध्ये मध्ये जाळी होती, कुणी तुम्हाला हात लावत नव्हतं. इथे दोन्ही संघांचे रोबो एकाच मैदानात, बॉल टप्पे देत न्यायचा आणि समोरच्याने अडवायचं. अडवणाऱ्याच्या अंगावर रेटून उभं राहायचं असेल तर जमिनीच्या पकडीतले तीस टक्के सोडून देणं परवडत नाही. ओम्नी बेसला कुणी बाजूने ढकललं की तो सरकतो, त्याचा स्वभावच तो. आणि म्हणून मुलं स्वर्व्हचा हट्ट धरून बसली होती, आणि या वेळी हट्टात तथ्य होतं.

स्वर्व्हमध्ये चाक साधंच असतं, चांगल्या रबराचं. फक्त प्रत्येक चाक स्वतःच्या मोटरने उभ्या अक्षाभोवती फिरून हवी ती दिशा धरतं. पकड पूर्ण, दिशा कुठलीही. किंमत अशी की चाकामागे दोन मोटरी, दोन एन्कोडर, बेअरिंग, गिअर, आणि सुरू करताना प्रत्येक चाकाचं शून्य कुठे आहे ते रोबोला ठाऊक असणं. शिवाय दिशा बदलायची तर चाकाला आधी वळावं लागतं, ओम्नीसारखं तत्काळ नाही. बॅडमिंटनला मी स्वर्व्ह कधीच घेतला नसता. बाहेरून तयार मॉड्यूल, म्हणजे चाक आणि त्याच्या मोटरींचे जोडलेले संच, मागवायचे तर पैसे आणि कस्टम्स, घरी करायचे तर लेथवाल्याच्या मागे लागणं.

आमच्या कॅप्टनने, थर्ड इयरची मुलगी, एक अट घातली जी मला फार आवडली. आधी एकच मॉड्यूल करायचं. ते लाकडी घोड्यावर उलटं नाही, सुलटं बसवून, खाली फिरती फळी, वर विटा. तासभर उजवीकडे-डावीकडे, पुढे-मागे. ते टिकलं तर तीन मॉड्यूलचा बेस. तीनच, म्हणजे डुगडुगणं नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्या बेसने तपकिरी कागदावर चौकोन काढला नाही तर चार ओम्नी, मग कुणीही रडायचं नाही.

मॉड्यूल टिकलं. आधी वळवणारा पट्टा दात सोडत होता, ताणकप्पी बसवल्यावर थांबला. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या गिअरमध्ये तीन अंशांची ढिलाई राहिली ती राहिलीच. तीन मॉड्यूल जोडल्यावर ती ढिलाई अशी दिसली की बेस थांबताना तिन्ही चाकं आपापसात कुजबुजल्यासारखी वळवळायची आणि विटांसकट सगळा बेस एका बाजूला ओढला जायचा. चौकोनाच्या जागी कागदावर काय आलं ते सांगत नाही. वसुबारसेच्या आदल्या रात्री मुलांनी आठवडाभराची मुदत मागितली. खोलीतल्या निम्म्या लोकांचे डोळे माझ्याकडे होते. मी काही बोलले नाही, तो माझा निर्णय नव्हता. कॅप्टन म्हणाली, "आठवडा दिला तर आठवड्याने पुन्हा आठवडा मागाल. ड्रायव्हरला सराव कधी द्यायचा?"

तिच्या या प्रश्नात मला अर्धी स्पर्धा दिसते. रोबो चालवणारा मुलगा हाही ड्राइव्हचाच भाग आहे, आणि तो लेथवर करून मिळत नाही. रोबोचं तोंड कुठेही असलं तरी रिमोटवरची काठी पुढे ढकलली की रोबो आपल्यापासून लांब गेला पाहिजे, ही सोय जायरोने करता येते. पण जायरो सामना चालू असताना हळूहळू सरकतो, मग 'पुढे' जरा तिरकं होत जातं, आणि सवयीचा ड्रायव्हर अंगठ्यातच ते सुधारून घेतो. त्याला ती सवय लागायला बेस हातात हवा, महिनोन्‌महिने, तोच बेस. मार्चमध्ये पूर्ण झालेला उत्तम स्वर्व्ह आणि नोव्हेंबरपासून पळणारा सामान्य ओम्नी यांत मी ओम्नीच्या बाजूने पैज लावीन, आणि समोरच्या टीमकडे नोव्हेंबरपासून पळणारा स्वर्व्ह असेल तर मुकाट हरेन.

तसंच झालं म्हणा ना. चार ओम्नीच्या दोन रोबोंनी आमची मुलं दिल्लीला गेली. रोलरांना मऊ पॉलियुरेथेनचा थर देऊन घेतला होता, प्रत्येक सामन्याआधी चाकं ओल्या फडक्याने पुसायला एक जण नेमलेला. गटातले सामने ड्रायव्हरने काढले, अक्षरशः, कारण तो समोरच्याच्या अंगावर जायचाच नाही, वळसा घालून जायचा, आणि वळसा घालण्यात ओम्नीचा हात कुणी धरत नाही. पुढच्या फेरीत एका स्वर्व्हवाल्या टीमने आमच्या रोबोला कडेला रेटत नेलं आणि तिथे धरून ठेवलं. चाकं फिरत होती, रोबो जागचा हलत नव्हता. मागच्या बाकावरून आमच्या फर्स्ट इयरच्या मुलाने मला विचारलं, "ताई, हे सत्तर टक्के ना?" हो, म्हटलं, हेच ते.

परत आल्यावर तीन मॉड्यूलचा तो प्लायचा बेस पुन्हा टेबलावर आलाय. प्रिंट केलेले गिअर काढून पितळी करायला दिलेत, लेथवाले काका गणपतीनंतर देतो म्हणालेत. वळवण्याच्या मोटरी कुठल्या घ्यायच्या यावरून सध्या दोन तट पडले आहेत, आणि त्यातला एक तट आरपीएमबद्दल बोलतो आहे.